काट्याखालची सुपारी

येरमाळा,
१६ जुलै २०२५

दादा,

नमस्कार. रागातला आहे, पण नमस्कारच आहे. आईच्या पायांवर डोकं ठेवलंय असं तिला सांग. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही.

इकडं सगळे मजेत. सोयाबीन वीतभर आलंय. माझी निकिता सातवीत गेली आणि आता माझ्यापेक्षा जास्त बोलते. आमच्या बचत गटाच्या येसर मसाल्याला तुळजापूरच्या दुकानांतूनही मागणी आहे. आईला या येसराची आमटी आवडते, चार पुड्या पाठवणार होते. पण तू त्या दारातूनच परत लावशील म्हणून नाही पाठवल्या.

खरी बातमी पुढं आहे. सोमवारी आमच्या गटावर छापा पडला!

घाबरू नकोस. धाराशिवहून वैधमापन खात्याच्या निरीक्षक मॅडम आल्या होत्या. पुडीवर जेवढं वजन छापलंय तेवढा माल आत आहे का, हे तपासणं त्यांचं काम. कुणीतरी तक्रार केली होती म्हणे. ते सोड.

कडूबाई पार गळाठल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई आणि गटाच्या अध्यक्ष, तुला त्या चांगल्याच माहीत आहेत. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माल जप्त झाला तर श्रावणात काय इकायचं गं? समद्या बायांच्या तोंडचा घास जातोय बघ." खरी धास्ती तर मलाच होती, आणि का होती तेही सांगते.

मॅडमनी आपला काटा आणला होता, पितळी वजनांची पेटी आणली होती. आम्ही पुढं केलेल्या पुड्या त्यांनी घेतल्याच नाहीत. स्वतः खोक्यात हात घालून मधल्या, तळातल्या काढल्या. काही फोडल्या, रिकामं पाकीट वेगळं तोललं आणि ते वजन वजा केलं. मग म्हणाल्या, "यावर निव्वळ वजन शंभर ग्रॅम लिहिलंय ना?"

"व्हय जी," कडूबाई म्हणाल्या.

"आत एकशे सहा आहे."

दुसरी तोलली, एकशे सात. तिसरी पुन्हा एकशे सहा. दादा, एकही पुडी शंभराच्या खाली गेली नाही! मॅडमना हसू आवरेना. "कमी भरणारे मला रोज भेटतात, तुमच्यासारखे आज पहिल्यांदा भेटले. जास्त भरल्याचा दंड नाही, पण तुमचा काटा दाखवा."

आमच्या काट्यावर त्यांनी आपलं शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं. काट्यानं चौऱ्याण्णव दाखवलं. मॅडमनी वरचं ताट उचललं, आणि खाली काय निघालं असेल? हळदकुंकू लावलेली सुपारी! गेल्या खंडेनवमीला कडूबाईंनी काट्याची पूजा केली होती. वरून घरंगळू नये म्हणून सुपारी ताटाखाली दाबून बसवली. वर दंडक घातला, देवीचा काटा आहे, ताट उचलायचं नाही, वरवर पुसायचं. तेव्हापासून थोडा भार काट्यावर आणि थोडा त्या सुपारीवर पडत होता. आकडा शंभर होईपर्यंत आम्ही आपलं येसर ओततोय. सुपारी काढून तेच वजन परत ठेवलं तर बरोब्बर शंभर.

दहा किलोच्या शंभर पुड्या व्हायच्या त्या चौऱ्याण्णववर का अडकत होत्या, कळलं आता? पुड्या भरायचं काम माझ्याकडं, म्हणून चोर मी. चैत्रात तू यात्रेला आलास तेव्हा भर ओसरीवर कडूबाई तुला म्हणाल्या होत्या, "तुमच्या भैनीचा हात जरा लांब हाय."

आता सांगून टाकते. तक्रार मीच केली होती. मी बाजारात वाण्याकडं एक पुडी तोलून बघितली होती, जास्त भरली. घरी येऊन सांगितलं तर जाऊबाई उसळल्या, "वाण्याच्या काट्याचं मला सांगतीस व्हय?" मग ज्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही असाच काटा हवा होता, आणि तो सरकारकडंच असतो. लावला फोन. पुड्या कमी भरल्या असत्या तर सगळ्याजणींचं नुकसान झालं असतं आणि मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण मी चोरी केली नव्हती ना! मग माल गेला कुठं? पुडीतच असणार.

मॅडमची गाडी गेली तशी कडूबाईंनी ती सुपारी माझ्या हातात दिली. "हिनंच खाल्लं गं समदं. म्या उगं तुजं नाव घेतलं." आणि हात जोडले. असू द्या अक्का, म्हणून मी ते धरायला हवे होते. नाही धरले. पुरते जोडू दिले आणि सगळ्याजणींना डोळे भरून बघू दिलं. मग चहा टाकला, आलं जरा जास्तच किसून. काल नव्या खेपेच्या दहा किलोत बरोबर शंभर पुड्या भरल्या.

त्या सुपारीचा मला राग नाही, दादा. कडूबाईंचाही आता फारसा नाही. तुझा आहे. ती मॅडम कोण कुठली, मला ओळखतही नव्हती. तिनं आधी तोललं आणि मग तोंड उघडलं. तू माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाहीस. "लेकरू हाय, चुकलं आसंल, पदरात घ्या," म्हणून माझ्या वतीनं हात जोडून मोकळा झालास. चोर म्हटल्यावर मी रडले नव्हते. तुझे जोडलेले हात बघून रडले.

ती सुपारी या पाकिटात घातली आहे. लग्नाकार्याचं आवतण आपण सुपारी देऊनच करतो ना, तसंच हे समज. पंचमी एकोणतीसला आहे. मुराळी होऊन मला न्यायला ये. त्याच ओसरीवर उभा राहा आणि शेजारपाजारपर्यंत ऐकू जाईल असं म्हण, "माझ्या भैनीला न्यायला आलोय." बाकी काही बोलू नकोस. माफी तर मुळीच मागू नकोस, कुणाची मागायची ते तुला कळत नाही.

पिशवी भरून ठेवते.

निव्वळ वजनाला पुरी उतरलेली,
तुझी बहीण
वर्षाराणी