खारीची पाण्याची परीक्षा

पनवेल, ३ मे १९९३

चि. प्राचीस चंद्राआत्याचे पोटभर आशीर्वाद.

परभणीच्या उन्हात जनावरांची डॉक्टरकी शिकता शिकता तू तरी जेवतेस ना? मी धड आहे, पण तू मिठागरावरून उचलून आणलेली कुत्री, आपली खारी, धड नाही. अजून वर्षाचीसुद्धा नाही पोर. खेळता खेळता थांबते, हिरड्या पांढऱ्या पडतात, पाय दुमडून कोसळते, तोंडातून लाळ. बरगडीवर हात ठेवला तर भातगिरणीचा पट्टा सुटल्यागत धडधड. मग आपली आपण उठून शेपूट हलवते. दृष्ट काढली, कांदा हुंगवला, चारलासुद्धा. गुण नाही.

त्यात शेजारचा धर्मराज म्हणतो, ही पिसाळली. मागं गव्हाणला तसलं कुत्रं माणसाला चावलं, आणि याच्या दारात दोन लेकरं. त्याचं काळीज तरी कसं थाऱ्यावर राहील? सोळा तारखेच्या रविवारपर्यंत थांबतो म्हणाला, मग काठ्या. लवकर लिही. माया आहेच, ती शाईतून दिसू दे.

तुझी चंद्राआत्या

परभणी, ९ मे

ती. आत्यास वाकून नमस्कार.

सरांना विचारलं. काही कुत्र्यांचं हृदय कोवळ्या वयातच असं एकाएकी धावत सुटतं, रक्त नीट पुढं जात नाही, म्हणून ती पडतात. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढल्याशिवाय खात्री नाही. तिला मुंबईत परळच्या जनावरांच्या दवाखान्यात ने. कांदा बंद कर, कुत्र्याला तो विष. दिवाळीत मीच तिला पिसाळण्यावरची लस टोचली होती, हे धर्मराजकाकांना सांग. पाणी दाखवून परीक्षा मात्र घेऊ नका, ती खरी नसते. झटका आला की थंड ओलं फडकं तोंडावर धर, कधी कधी ठोके उतरतात. मला झोप नाही. रागाव, पण लिही.

तुझी प्राची

पनवेल, १९ मे

चि. प्राचीस आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं, रविवार उलटल्यावर.

माणसं जमली आणि खारी नेमकी त्यांच्यासमोर कोसळली. मला आपलं जुनं ठाऊक, पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं. माठातलं गार पाणी परातीत ओतलं, तिचं तोंड त्यात धरलं. धर्मराज म्हणाला, "चंद्राबाय, हात काढ, चावंल ती." माझा दुसरा हात बरगडीवर होता, तो काढवेना. अन् प्राची, कळ दाबून गिरणी बंद करावी तशी धडधड एकदम उतरली. खारी शिंकली आणि लपालपा पाणी पिऊ लागली.

धर्मराजानं काठी भिंतीला टेकवली. काल त्याच्याच टेम्पोतून परळला गेलो. तू लिहिलंस तेच निघालं. गोळ्या दिल्या आहेत. लागू पडतील की नाही, आत्ताच सांगवत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

लशीचं धर्मराजाला वाचून दाखवलं. परीक्षेची ओळ गाळली. आता त्याचीच लेकरं येता-जाता खारीच्या बरगडीला हात लावून मला खबर देतात.

आत्ता निजली आहे. उजव्या हातानं लिहिते, डावा तिच्यावर आहे. अक्षर हललं असेल तर हसू नकोस.

तुझी चंद्राआत्या