स्विचमधलं कुंकू

गुरुवार, संध्याकाळ

पहिली आली ती निकिता. तिची मैत्रीण, माझी नात गौरी मागून, तुटकी चप्पल हातात घेऊन. काय हसलो तिघी! महिन्यानं घरात तीन ताटं मांडली.

जेवून गौरीची इलेक्ट्रिक गिटार उघडली. गौरीनं गणपतीत इथंच बसून आतल्या वायरी बदलल्या आणि वाजवून न बघताच गेली. आता स्विच वर केला की वाजते, खाली केला की वाजते, मधे ठेवला की नुसती खरखर.

"तुझी जोडणीच चुकली," निकिता म्हणाली.

"गप गं, तूच तर कागद वाचून सांगत होतीस!"

तीनदा वायरी सोडवल्या, तीनदा जोडल्या. सोल्डरिंग करताना गौरीचं बोट भाजलं. चहा द्यायला वाकले तर स्विचच्या फटीत लाल दिसलं. खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन पुजलं, तेव्हा गिटारलाही कुंकू वाहिलं मीच. स्विचवरच वाहिलं, गौरीचा हात सारखा तिथं असतो म्हणून.

सांगणारच होते. तेवढ्यात गौरी म्हणाली, "आज्जी, आज वाजली ना, की हॉस्टेलला घेऊनच जाते. तुझी अडगळ जाईल."

अडगळ म्हणे! मी चिवड्याचा डबा पुढे केला.

पोरी गेल्या. गिटार इथंच कॉटवर आहे, फटीतलं लाल तसंच. जुना टूथब्रश हातात घेतला होता, ठेवून दिला. पोरीचं बोट भाजलं माझ्यापायी, हे काही बरं नाही. सांगेन, पण जेवणं झाल्यावर. पुरणाला डाळ आणायला हवी. रविवारी सकाळीच येतो म्हणाल्यात.