मिशीआडचे शब्द

सर, तुमाला जाऊन लई वर्सं झाली. मेलेल्या माणसाला कागद लिवणं येडेपणा हाय, ते मला कळतंय. पण एक विचारायचं राहिलंय, ते डोक्यातनं जात न्हाय.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्सं ती. सोलापुरात मी सकाळी कापड इणायच्या मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आन् दुपारी तुमच्या हिंदीच्या वर्गाला यायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, त्यात ही तिसरी. लिवायला कुणी भ्यायचं न्हाय, पण परीक्षेला बाहेरच्या सायबापुढं दोन मिनिटं बोलायचं म्हटलं की सगळ्यांची गाळण उडायची. कुणी जिभेखाली खडीसाखर धरायचं, कुणी खिडकीच्या गजाकडं बघून बोलायचं. माझं येगळंच. भ्याले की नुसते ओठ हलायचे, आवाज न्हाय. मागांच्या खडखडाटात आमी ओठांवरच बोलायचो की, तीच सवय. वर्गात येणाऱ्या कारखान्यातल्या पोरी माझं आख्खं भाषण ओठांवरनं वाचायच्या, बरोबर जागी हसायच्या. तुमी कानात बोट फिरवून म्हणायचा, "अगं, मी बहिरा झालो की काय?" तुमाला गंमत वाटायची. मला बापानं सांगून ठेवलं हुतं, नापास झालीस तर वर्ग बंद.

मग तुमी आठवडाभर कारखान्याच्या दारात येऊन आमची तोंडं बघत बसला. मुकादमानं विचारलं, मास्तर, काय पाहिजे? तुमी म्हणाला, "शिकतोय."

परीक्षेला झालंच तसं. सायेब विषय देतो, मी उभी, ओठ हलतायत, आवाज न्हाय. सायेब चष्मा काढून पुसतोय. त्याच्या मागं दारात तुमी, आन् तुमीबी ओठ हलवताय, आवाज न काढता, आमच्यावानी. तवा माझा आवाज असा फुटला की सायबाच्या हातातली पेन्सिल खाली पडली. पास झाले. पुढं तुमी जिथं तिथं सांगत हिंडला, हिला मी हिच्याच बोलीत धीर दिला. मीबी हो म्हणून मान हलवली.

ह्यो कागद कुटं धाडायचा न्हाय, म्हणून खरं लिवते. सर, मला एक अक्षर कळलं न्हवतं. तुमची मिशी ओठांवर येत हुती, आन् बकरी पाला चघळती तसं तोंड चाललेलं. मला हसू आलं, आन् हसण्याबरोबर आवाज निसटला. एवढंच. तुमी काय म्हणत हुता? अजून अधनंमधनं आरशापुढं तसं तोंड करून बघते. जुळत न्हाय.