बिझेकने तिला सरळ केलं

मी, एनेलेसी मापुलांगा, राहणार कापेसी गाव, जिल्हा देद्झा, मलावी, धंदा शेती आणि गावातल्या मेलेल्या बायकांना धुऊन शेवटचं नीट करणं, आज पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र सांगत आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, कोणी दटावलेलं नाही, आणि माझा भाऊ जैलोसी या वेळी घरात नाही, हे मुद्दाम लिहावं. माझ्या पोटात गाठ आहे. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ती चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, आता जे आवडेल ते खा." त्यावरून जे समजायचं ते मी समजले.

लिहून घेणारे लिफोर्ड मास्तर, आमच्या चर्चचे वडीलधारे. ते माझे शब्द सुधारतात. सुधारलेले त्यांनी वाचून दाखवले तेव्हा निम्मे मी परत फिरवले आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं जैलोसी कुठे म्हणाला तर ते खोटं समजावं.

कलम पहिले, जमीन. ओढ्याकाठचा मक्याचा तुकडा आणि टेकडीकडचा बटाट्याचा तुकडा माझी मुलगी फालेसी हिला, आणि तिच्यामागे तिच्या मुलींना. आमच्यात जमीन आईकडून मुलीकडेच जाते, तेव्हा हे लिहायची गरज नव्हती. पण मुलांचा मामा म्हणून कारभार बघतो असं सांगत जैलोसी दर पेरणीला बांध थोडा आत सारतो. हद्द म्हणजे मी लावलेलं आंब्याचं झाड. झाड चालत नाही.

कलम दुसरे, घर. पत्र्याचं घर माझा मुलगा बिझेक याचं आहे. जोहान्सबर्गला बागकाम करून त्याने त्याचे पत्रे घेतले आणि बसच्या टपावर बांधून आणले. सरहद्दीवर पोलिसांनी दोन पत्रे ठेवून घेतले, म्हणून मागची पडवी गवताची आहे. लग्न झालेला मुलगा बायकोच्या गावी राहतो, त्याला आईच्या अंगणात घर कशाला, असं जैलोसी म्हणतो. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला बायकोचं गाव उरत नाही, म्हणून.

हे घर भाड्याने देऊ नये. त्यात मका साठवू नये. खाट आहे तिथेच ठेवावी आणि दर शनिवारी झाडून घ्यावं.

बिझेक जोहान्सबर्गच्या तुरुंगात आहे. खुनासाठी जन्मठेप. मागच्या वर्षी जैलोसी गावच्या मुखियासमोर उभा राहून म्हणाला, "जन्मठेपवाला मेल्यातच जमा. त्याचं मयत उरकून टाकू. बायकापोरं मोकळी होतील, पत्रेही कुणाच्या तरी कामाला येतील."

मी म्हटलं, "आधी तुझं उरकू. तू तरी हाताशी आहेस."

मुखिया हसला आणि विषय तिथेच राहिला. मी मेल्यावर तो पुन्हा निघेल. म्हणून हे कलम मोठ्या अक्षरात लिहावं: बिझेक मापुलांगा जिवंत आहे. त्याचं मयत करायचं नाही.

कलम तिसरे, माझ्या कामाची चीजवस्तू. धुण्याची परात, दोन तांबे, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आणि आडोशाची चटई. ही फालेसीला द्यावी असं गाव म्हणेल. फालेसी मेलेल्या कोंबडीलाही हात लावत नाही. हे सगळं बिझेकला.

"आजी, तो पुरुष आहे. बायकांच्या वस्तू त्याला कशा देणार?" मास्तर विचारतात.

द्यायच्या, कारण हे काम माझ्याकडून तो एकटाच शिकला. त्याचे वडील गेले तेव्हा घरात दुसरा पुरुष नव्हता आणि जैलोसी बाजारात बसला होता. पुरुषाला पुरुषानेच नीट करायचं असतं. म्हणून मी चटईच्या अलीकडे बसले, बिझेक पलीकडे, आणि मी नुसतं बोलत राहिले. आधी डोळे मीट. आता जबडा बांध, डोक्यावरून पट्टी घे. हात सरळ कर. गुडघे सरळ करून बांध, नाहीतर परत वर येतील. घाई कर रे, एकदा ताठलं की मग कुणाच्या बापाच्यानं सरळ होत नाही. पलीकडून तो रडत होता आणि करत होता. नंतर मी पाहिलं तर त्याचे वडील झोपल्यासारखे दिसत होते. माझ्या हातून कधी झालं नसतं इतकं चांगलं झालं होतं.

हे इथे लिहिण्याचं कारण तेच आहे, ज्यामुळे माझा मुलगा आज घरी नाही.

तो ज्यांच्या बागेत कामाला होता त्या हेस्टर मॅडम एकट्या राहायच्या. वय माझ्याएवढंच. तोंडाने फटकळ. पण त्याला रोज स्वतःच्या हाताने चहा करून द्यायच्या. एका सकाळी तो गेला तर मागचं दार फोडलेलं, आणि मॅडम स्वयंपाकघरात जमिनीवर. डोक्यात मार, डोळे उघडे, तोंड वासलेलं, एक पाय अंगाखाली दुमडलेला. त्याने हात लावून पाहिलं. ऊब जात चालली होती.

आता आमच्या गावातल्या कुणालाही विचारावं, अशा वेळी काय करतात. उघड्या डोळ्यांचं माणूस तसंच टाकून कोणी शेजाऱ्यांना बोलवायला जात नाही. ती त्याची कोणी नव्हती, पण तिचं तिथे दुसरं कोणीच नव्हतं. त्याने तिचे डोळे मिटले. तिच्याच रुमालाने जबडा बांधला. रक्तातून उचलून कोरड्या जागी ठेवलं, पाय सोडवला, एप्रनच्या नाडीने गुडघे बांधले, हात अंगालगत ठेवले आणि वर टेबलावरचं कापड घातलं. धुतलं नाही, कारण ती बाई होती. मग बाहेर जाऊन ओरडला.

पोलीस आले. रक्त कोणाच्या हाताला? बिझेकच्या. बांधलं कोणी? बिझेकने. झालं! बाईला बांधून मारलं, असं त्यांनी लिहिलं. दार कोणी फोडलं ते पाहायला नंतर कोणी गेलं नाही. ज्याने तिला मारलं तो आजही कुठेतरी जेवत असेल. मी त्याला रोज शाप देते. तो शापही या मृत्युपत्राने मी फालेसीच्या नावे करते. तिने तो चालू ठेवावा.

कोर्टात दुभाषा दिला. तो आमच्याकडचा नव्हता. आमची भाषा त्याने कुठल्या तरी बाजारात उचललेली होती. वकिलाने विचारलं, "तू तिला काय केलंस?" बिझेक म्हणाला, "मी तिला सरळ केलं."

माझा मुलगा खरं बोलला. पण हाच शब्द आम्ही भांडतानाही वापरतो. जैलोसीला मी रोज म्हणते, थांब, तुला सरळ करते. दुभाष्याला शब्दाची ती एकच बाजू माहीत होती. त्याने कोर्टाला सांगितलं की हा म्हणतो, मी तिला चांगला धडा शिकवला. त्यातच शेजारीण सांगून गेली होती की आदल्या दिवशी कुत्र्यावरून मॅडम त्याला रागावल्या होत्या. न्यायाधीशांना आणखी काही लागलं नाही.

हे सगळं मला बिझेकने फोनवर सांगितलं. मी ते मुखियाला सांगितलं, चर्चला सांगितलं, राजधानीतल्या एका कचेरीत जाऊन बाकावर बसून सांगितलं. तिथला साहेब म्हणाला, "आई, ते दुसऱ्याचं राज्य आहे." एवढं मलाही माहीत होतं.

मास्तर म्हणतात की हा मजकूर कलमात बसत नाही. बसवा. मी दुसरं कुठे लिहू?

कलम चौथे, सून लोनेस. तिने दुसरा नवरा केला. तिला कोणी नावं ठेवू नयेत. ती बरीच वर्षं थांबली आणि निघताना माझ्या पायाशी बसून रडली. तिला माझी गाभण शेळी आणि निळं चितेंजे कापड, नेसायला किंवा पुढचं मूल पाठीशी बांधायला. बिझेकने विचारलं तर ती बरी आहे एवढंच सांगावं.

कलम पाचवे, जैलोसी. त्याला माझी खुर्ची. बसण्याचं काम तो मन लावून करतो. माझ्या मयताला त्याला सगळ्यांच्या शेवटी वाढावं, आणि मांसाच्या भांड्यातला तळचा रस्सा तेवढा द्यावा.

बचत गटातला माझा हिस्सा मयताच्या जेवणाला वापरावा. उरलं तर मास्तरांच्या फोनमध्ये पैसे भरावेत. का, ते पुढे आहे.

कलम सहावे. मास्तरांनी नीट लक्ष देऊन लिहावं.

गेल्या पावसाआधी बिझेकचा फोन आला. तिथे एक मंडळ बसतं, ते कैद्यांना लवकर सोडतं. त्याचाही नंबर आला होता.

"आई, ते म्हणतात, कबूल कर आणि पश्चात्ताप झाला म्हण. मग घरी पाठवू."

"मग? म्हणालास ना?"

"कशाचा पश्चात्ताप, आई? मी म्हटलं, मी तिला सरळ केलं, त्यात माझं काही चुकलं नाही."

"आणि?"

"आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन."

"पुन्हा करीन म्हणालास? त्यांना?"

"हो."

"अरे गाढवा!"

मग त्याच्याही लक्षात आलं आणि तो हसायला लागला. त्याचं हसू मी किती वर्षांनी ऐकलं! मीही हसले. हसता हसताच फोन कटला. मंडळाने त्याला परत आत पाठवलं. त्यानंतर तो फोनवर हसलेला नाही. फार बोलतही नाही. "बरा आहे," म्हणतो, आणि मी त्याचा श्वास ऐकत बसते. गेल्या वेळी म्हणाला, "आई, मॅडमचा चेहरा आता आठवत नाही. लोक म्हणतात तसं मीच केलं असेन का?"

तेव्हा माझ्यात काहीतरी कायमचं मोडलं. ही गाठ त्यानंतरची, असं मी मानते. डॉक्टरीणबाई मानत नाहीत.

तरी मी, एनेलेसी मापुलांगा, बिझेकची आई, त्याला या कलमाने खोटं बोलण्याची परवानगी देते. लहानपणी खोटं बोलला की मी त्याला मारायची, ते सगळं मागे घेते. त्याने मंडळासमोर जावं आणि म्हणावं, मी तिला मारलं, माझं चुकलं. रडावं. रडू आलं नाही तर वडील आठवावेत. त्या खोट्याचं पाप माझ्या नावावर लिहावं. मी वर चाललेच आहे, तिथे बघून घेईन.

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, मी चर्चचा माणूस. हे मी कसं लिहू?"

"खरं बोलून काय मिळालं ते तुम्ही पाहिलंत ना? लिहा."

त्यांनी लिहिलं. हे कलम मास्तरांनी बिझेकला फोनवर वाचून दाखवावं, आणि आई गेली हे त्यानंतर सांगावं. आधी सांगितलं तर तो पुढचं ऐकणार नाही. खरं तर तो तसंही ऐकणार नाही. माझाच मुलगा आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी लिफोर्ड मास्तरांनी करावी. त्यांना माझी लाल कोंबडी. ती अंडी देत नाही, हे आधीच सांगते.

कलम सातवे आणि शेवटचे, माझा देह. मला आमच्या आईशेजारी पुरावं. धुवावं, हातपाय जसे जमतील तसे ठेवावेत. पण माझा जबडा कोणी बांधू नये आणि माझे डोळे कोणी मिटू नयेत. या गावातल्या कित्येक बायकांचे डोळे मी माझ्या हाताने मिटले, त्यांची मोजदाद ठेवली नाही. ज्या कामासाठी माझ्या मुलाला जन्मठेप झाली, ते काम माझ्यावर दुसऱ्या कोणी करू नये.

इथे बाहेर मका कांडणाऱ्या फालेसीचं मुसळ थांबलं. ती पडवीच्या कडेशी आली.

"आई, उघड्या डोळ्यांनी पुरायचं तुला? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"डोळ्यांत माती जाईल गं."

"जाऊ दे."

ती रडायला लागली. मास्तरही लिहायचे थांबले. मी म्हटलं, लिहा, थोडंच राहिलं आहे.

बिझेक माती पडायच्या आत आला, तर हे काम त्याचं. त्यासाठी परात, पट्ट्या आणि चटई दाराशी काढून ठेवावी. उशीर झाला, तर त्याला काही समजावून सांगू नये. उशीर झाल्यावर सरळ होत नाही, हे त्याला माहीत आहे.

वरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, आणि म्हणून खाली अंगठा देत आहे.

एनेलेसी मापुलांगा (डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमोर अंगठा दिला, आणि त्या वेळी बाई शुद्धीवर होत्या:
१. नासिबेको फिरी, सुईण, कापेसी
२. डायसन काम्वेंडो, सुतार, कापेसी

फालेसीला वाटा मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. लिहून घेणार: लिफोर्ड न्खाता, मास्तर.

ठिकाण: कापेसी, बिझेकच्या घराची पडवी
दिनांक: ९ जून २०२४