हॅमरची टोकं

अण्णा, परवा पुण्यात शोभेच्या माशांच्या एका दुकानात उभी होते. निळ्या दिव्याखाली एका टाकीत जिवंत प्रवाळाचा तुकडा ठेवला होता आणि काचेवर चिठ्ठी होती, 'हॅमर'. मी चष्मा सारखा करून टोकं पाहिली. हॅमर नव्हता तो. दुकानदाराला तसं सांगितलं तर हसून म्हणाला, "काकू, माल तसाच आलाय." मी वाद घातला नाही, पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच, की चिठ्ठी चुकून लागली की मुद्दाम लावलीय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड काही गेली नाही.

आपल्या रत्नागिरीच्या घरात पडवीच्या टोकाला तुमची टाकी होती. गावात तेव्हा टीव्हीसुद्धा मोजक्या घरांत, आणि तुम्ही समुद्र घरात आणून ठेवलेला. आंब्याचा व्यापार करणाऱ्या एका शेटने हौसेने छोटं मत्स्यालय काढलं होतं, तिथल्या टाक्या तुम्ही सांभाळायचा आणि जे तिथे शिकायचा ते घरी करून बघायचा. छपराची तीन कौलं काढून तुम्ही काचेची बसवली होती, टाकीवर नेमकं सकाळचं ऊन पडावं म्हणून. भाट्याच्या किनाऱ्यावरून सायकलला कॅन बांधून पाणी आणायचं, चार पदरी फडक्यातून गाळायचं. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं, म्हणून मे संपायच्या आत पिंपं भरून ठेवायची. उन्हाने टाकीतलं पाणी आटलं की विहिरीचं गोडं पाणी घालायचं, तेही तुम्हीच, भांड्याने मोजून. काचेवर तुम्ही खडूची बारीक रेघ ओढून ठेवायचा आणि कामावरून आलात की चपला काढायच्या आधी ती बघायचा. "कोणी हात लावला?" हा घरात शिरतानाचा तुमचा पहिला प्रश्न. आई म्हणायची, "चोराच्या घरात राहिल्यासारखं वाटतं हो."

जयगडचा मामा बोटीवर होता. तो सुटीवर येताना सिंगापूरहून रुंद तोंडाच्या थर्मासात प्रवाळाचा एक तुकडा घेऊन आला तेव्हा मी आठवीत होते. एस.टी.तून उतरल्यापासून त्याने तो थर्मास मांडीवरचा खाली ठेवला नव्हता. "भावोजी, बायकोसाठी साडी आणली नाय, पण हे आणलंय," तो म्हणाला आणि तुम्ही चक्क त्याला मिठी मारलीत. मी तुम्हाला कोणाला मिठी मारताना तेव्हा एकदाच पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो प्राणी फुलला. तुम्ही मला भिंग दिलंत, शेजारी बसवलंत. "इकडे बघ गो. रंगावर जाऊ नको, रंग फसवतो. टोकं बघ. टोक हातोडीसारखं आडवं असलं तर हॅमर. टोकाला बेडकाच्या अंड्यांसारख्या गाठी असल्या तर दुसरा. आणि मांस आहे तोवरच ही ओळख. मेला की दोघांची हाडं सारखीच." आपल्या तुकड्याला गाठी होत्या. मी वहीत त्याचं चित्र काढलं, गाठी मोजून. तुम्ही बराच वेळ ते बघितलंत आणि म्हणालात, "बरोबर." एवढंच. तुमच्या तोंडून तो शब्द मी आधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

त्या मे महिन्यात मी पंधरा दिवस जयगडला आजोळी राहिले. परत आले तशी पिशवी पडवीत टाकून आधी टाकीपाशी गेले. तुकडा फुललेला होता, पाण्याच्या हालचालीबरोबर डुलत होता, आणि त्याची टोकं आडवी होती. सगळी. मी भिंग घेऊन बघितलं, वही आणून बघितलं. "अण्णा, हा आपला नाही." तुम्ही पिंपावरचं झाकण बसवत होतात, मागे वळलाही नाहीत. "आपलाच आहे." "पण ह्याची टोकं हॅमरची आहेत. आपल्याच्या टोकांना गाठी होत्या." तेव्हा वळलात. "पहिल्यापासून हॅमरच होता. तुझं बघणं चुकलं. नीट बघायला शीक आधी, मग बोल." आई स्वयंपाकघरात विळीवर फणसाचे गरे कापत होती. ती एरवी मध्ये बोलल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी तिने मान वर केली नाही.

मला तुमचा संशय आला. आठवडाभर मी तुमच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते, तुमची पिशवी, तुमचे कॅन, तुमच्या खिशातली मत्स्यालयाची किल्ली. तुम्हीही माझ्याकडे तसंच बघत होतात, हे आता लिहिताना दिसतं. शेटकडे एक हॅमर होता आणि तो मेला असं तुम्हीच घरी सांगितलं होतं, तेही आठवलं. पण संशयापेक्षा मला ते "तुझं बघणं चुकलं" जास्त टोचत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी शेट आपल्या घरी आले. असे कधी न येणारे. काखेत परदेशातून आणलेलं रंगीत पुस्तक. "बाहेरून कानावर आलं, तुमच्याकडे हॅमर आहे म्हणून. म्हटलं, बघू तरी." तुम्ही त्यांना खुर्ची देऊन पुढे झालात आणि टाकीत हात घालून दगड सारखा केल्यासारखं केलंत. तेवढ्या धक्क्याने त्या प्राण्याने सगळं मांस आत ओढून घेतलं. नुसतं पांढरं हाड राहिलं. तुम्ही हात पुसत म्हणालात, "हाडावरून ओळख पटत नाही, शेट." शेट म्हणाले, "मला घाई नाही." आणि बसले. आईने कोकम सरबत आणून दिलं, ते तसंच राहिलं. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. कौलाच्या काचेतून येणारं ऊन सरकत सरकत टाकीच्या बाहेर गेलं आणि तुमच्या पायांवर आलं. मग हळूहळू एकेक टोक बाहेर यायला लागलं. आडवं. पुस्तकातल्या चित्रासारखं.

"माझ्या मेव्हण्याने आणलेला," तुम्ही म्हणालात. शेट तुमच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळले. "पोरी, मामाने आणला तो हाच? टोकं अशीच होती?" तुम्ही टाकीकडे बघत होतात. मी म्हटलं, "हो, हाच." शेट म्हणाले, "मग परवा तू," आणि थांबले. हातातलं पुस्तक मिटलं. "मग तू नीट बघितलं नव्हतंस म्हणायचं." मी म्हटलं, "नव्हतं बघितलं."

ते गेले. गणपतीच्या आधी तुमच्याकडची किल्ली त्यांनी काढून घेतली, दिवाळीनंतर येऊ नका म्हणाले. कारण सांगितलं नाही. तुम्ही लाकडाच्या वखारीत कारकुनाची नोकरी धरलीत आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलात. पावसाळा सरला, साठवलेलं पाणी संपलं, तुम्ही नवं आणायला गेला नाहीत, आणि हॅमरही गेला. तुम्हाला खात्री होती की प्रवाळ आणल्याची बढाई मामानेच कुठेतरी मारली आणि ते शेटच्या कानावर गेलं. तो पुन्हा सुटीवर आला तेव्हा तुम्ही त्याला पायरीवरच विचारलंत. "भावोजी, माझ्यावर संशय?" एवढंच तो म्हणाला आणि आईच्या हातचं पाणीही न पिता फिरला. त्यानंतर तो आपल्या घरी आला तो तुम्हाला खांदा द्यायला.

तुमचं वर्षश्राद्ध झाल्यावर आईने मला सांगितलं. मी जयगडला असताना टाकीतलं पाणी रेघेच्या खाली गेलेलं दिसलं, तुम्ही रागवाल म्हणून तिने कळशीभर पाणी ओतलं. "विहिरीत जंतू मारायची पावडर टाकलेली गो आदल्याच दिवशी. मला काय ठाऊक?" मामाचा तुकडा दोन दिवसांत गळून गेला. शेटचा हॅमर तिथल्या दिव्यांच्या आचेने मरायला टेकला होता, शेटनेच फेकून द्या म्हटलं होतं. "ह्यांनी घरी आणलंनी. तुझ्या मामाला कळलं असतं तर तो माझ्यावर रागावला असता, म्हणून कोणाला बोलले नाहीत. तुलासुद्धा." हे सगळं खरं की तुमच्यामागे तिने तुमच्यासाठी जुळवलेलं, हाही संशय मला आलाच. मग वाटलं, तुम्ही मला खोटं पाडलंत ते आईला वाचवायला, तर ते खोटं मी का तपासत बसावं?

शेटकडे मी गेले होते, अण्णा. भर दुपारी, वही घेऊन, एकटी. मी तुमची चहाडी करायला गेले नव्हते. मी फक्त चित्र दाखवून विचारलं, टोकं बदलतात का हो? ते म्हणाले, नाही बदलत, तू बरोबर बघितलंस. मी उड्या मारत घरी आले होते. शेट "परवा तू" म्हणून थांबले तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत, ते बघणं मी विसरलेले नाही. मला संशय आहे की तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तुम्ही पायरीवर उभं केलंत ते मामाला.

मामा आता ऐंशीच्या पुढे गेलाय. गेल्या महिन्यात जयगडला गेले होते तेव्हा त्याने मला विचारलं, "तुझ्या बापाला शेवटी तरी कळलं काय गो, मी नाय बोललो ते?" मी म्हटलं, "कळलं होतं, मामा." त्याने मान हलवली, मग डोळे पुसले. कोण बोललं होतं, ते त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.