एकालाच विचारायचं

४ सप्टेंबर

आलो बाई एकदाचे. पुढे सामानाचा ट्रक, मागे आमची गाडी, माझ्या मांडीवर कुंडी, आणि हा, माझा नवरा, सगळा रस्ता शीळ घालत होता. ह्याला बढती मिळाली आहे. इथल्या शीतगृहातली सगळी यंत्रं आता ह्याच्या हाताखाली. घर वन्संचं, म्हणजे ह्याच्या मोठ्या बहिणीचं. खाली त्या, वर आम्ही. त्यांचं शिलाई मशीन पुढच्या दाराला अगदी खेटून आहे, उजेड तिथेच चांगला येतो म्हणून. जिना लाकडी, मध्येच वळतो, वळणावर छोटी खिडकी. वरच्या दोन्ही खोल्या त्यांनी स्वतः रंगवून ठेवल्या होत्या. एवढं कशाला केलंत असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, तुझ्यासाठी नाही गं, आतल्या पाहुण्यासाठी. मग आम्ही तिघंही हसत सुटलो. मला चौथा लागलाय.

जुन्या गावच्या समुपदेशक बाईंनी सांगितल्याप्रमाणे ही नवी वही. मला आजारांची भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. डोकं दुखलं की गाठ, पोटरी दुखली की गुठळी. माझं काम मुद्रितं तपासायचं. छापलेल्या पानात चूक सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि स्वतःचं अंगही मी तसंच वाचत बसते. घरात माझं नाव शंकाबाई. बाईंनी नियम घालून दिले आहेत. फोनवर रोग शोधायचे नाहीत. भीती वाटली की वहीत लिहायचं, नुसतं वाटतंय काय आणि खरंच दिसतंय काय. आणि सगळ्यात मोठा नियम, दहा जणांना विचारत सुटायचं नाही. विश्वासाचं एकच माणूस धरायचं, त्याला एकदाच विचारायचं, आणि तो सांगेल ते खरं मानून पुढे जायचं.

माझं माणूस हा. दुसरं कोण असणार?

१२ सप्टेंबर

आज मोठ्या दवाखान्यात नाव घातलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, घाईत नसतात. पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची चाचणी, कधी केली होती असं विचारलं. मी म्हटलं, कधीच नाही. पोटात मूल असताना ती करता येते हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाच्या तोंडावरून मऊ ब्रश फिरवून चार पेशी घ्यायच्या, बाळापर्यंत त्यातलं काही पोचत नाही, एखादा दिवस थोडा डाग दिसला तर घाबरू नका. अहवाल बरोबर नसला तर दुर्बिणीतून नीट बघतात, तेही गरोदरपणात चालतं. मी त्यांना माझ्या भीतीबद्दल सांगितलं. हसल्या नाहीत. घाबरणाऱ्या बायका वेळेवर येतात, म्हणाल्या, मला त्याच बऱ्या.

हात धरायला एक सिस्टर होती, अंबाड्यात दोन पेनं खोचलेली. तिने मला तिच्या सासूच्या गुडघ्यांची अशी काही नक्कल करून दाखवली की तपासणी झाली कधी ते कळलंच नाही.

बाहेर बाकावर मी ह्याला म्हटलं, वाईट निघालं तर मला सांगूच नकोस बाबा, मी इथेच आडवी होईन. हा हसला, बरं म्हणाला. माझ्या सिमकार्डाला इथे रेंज नाही, म्हणून फोन नंबर ह्याचाच दिला.

१४ सप्टेंबर

काय दिसतंय: कपड्याला पुसटसा डाग, अगदी थोडा. काय वाटतंय: सगळं संपलं. ह्याला एकदा विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या ना, म्हणाला. विषय मिटला. शाबास शंकाबाई.

धुणं वन्संनी बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी समजावून सांगितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

२८ सप्टेंबर

अहवाल आला. दवाखान्यातून ह्याला फोन आला होता. सगळं उत्तम, म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. फार जड गेलं, पण नाही विचारलं. मशीनवर वन्सं बाळाची दुपटी शिवत होत्या. त्यांना सांगितलं तर नुसतं हं म्हणाल्या, दोरा दाताने तोडला.

६ ऑक्टोबर

आता मोठ्या दवाखान्यात जायचं नाही, असं ह्याने ठरवलं. तिथे गर्दी, खोकणारी माणसं, लांबचा रस्ता. वन्संच्या ओळखीचे म्हातारे डॉक्टर कोपऱ्यावरच आहेत. एकच खोली. रक्तदाब बघतात, पोटावरून हात फिरवतात, झकास म्हणतात. तपासणीच्या पलंगावर जुनी वर्तमानपत्रं रचलेली आहेत. मला ते पटलं नाही. पण हा म्हणाला, तुला प्रत्येक ठिकाणी चूक दिसते. खरंच आहे ते.

१९ ऑक्टोबर

दुपारी वन्सं वर आल्या. माझ्या पायांना तेल लावून दिलं. पाय चोळता चोळता सांगितलं की त्यांनाही दिवस गेले होते, फार वर्षांपूर्वी. अशीच कुठली तरी आतली तपासणी केली आणि आठवड्याभरात सगळं गेलं. त्यानंतर काही नाहीच. मी म्हटलं, वन्सं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. त्यांचा हात थांबला. फांदी ज्याची तुटते ना, म्हणाल्या, तो कावळ्यालाच धरतो.

मला त्यांची फार दया आली. दोघी थोड्या रडलो.

९ नोव्हेंबर

पुन्हा डाग. या वेळी तपासणी वगैरे काही झालेलं नाही. लाल आहे.

ह्याला विचारलं. हा म्हणाला, बसून बसून उष्णता झाली असेल. म्हाताऱ्या डॉक्टरांनी बघितलं नाही, नुसतं ऐकलं आणि मान हलवली. मोठ्या दवाखान्यात जाऊ या म्हटलं तर ह्याने माझा हात हातात घेतला. मग अगदी प्रेमाने म्हणाला, बाईंचा नियम काय होता? एकदाच विचारायचं.

एकदाच विचारायचं. बरं.

१६ नोव्हेंबर

परत. वहीत दोन रकाने आखले आहेत. वाटतंय आणि दिसतंय. दिसतंयचा रकाना भरत चाललाय. तो बघायचा नाही असं ठरवलं. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणजे बरी होणं, असंच ना?

आणखी एक. मी जिना उतरायला लागले की खाली मशीन थांबतं. मी परत वर गेले की सुरू होतं.

२१ नोव्हेंबर

मशीनच्या सुया संपल्या म्हणून वन्सं बाजारात गेल्या होत्या. मी केस धुवायचा साबण आणायला नाक्यावरच्या दुकानात गेले. तिथे ती पेनवाली सिस्टर भेटली. तिने मला ओळखलं, आणि तोंडावरचं हसू गेलं.

तुम्ही इथेच आहात? असं विचारलं.

म्हटलं, इथेच असते, कुठे जाणार. ती म्हणाली, तुमचे यजमान तर म्हणाले की तुम्ही माहेरी गेलात, दुर्बिणीची तपासणी तिकडेच करून घेतली. आम्ही किती वेळा फोन केला. मी म्हटलं, कसली तपासणी? माझा अहवाल चांगला आला.

तिने मला दुकानाच्या पायरीवर बसवलं. शेजारी बसली. हात धरला, त्या दिवशीसारखाच. म्हणाली, चांगला नव्हता. फार बिघडलेल्या पेशी दिसल्या. कॅन्सरच असेल असं नाही, पण बघायलाच हवं, आणि दोन महिने झाले. रक्त जातं का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, आत्ता चला माझ्याबरोबर.

मी गेले नाही. ह्याला विचारून येते म्हटलं. हे मी म्हटलं, माझ्या तोंडाने. तिचा नंबर साबणाच्या पुडक्यावर लिहून घेतला आणि घरी आले.

२१, संध्याकाळी

ह्याने नाकारलं नाही. मला वाटलं होतं नाकारेल. भाजी निवडत होता, निवडतच राहिला. म्हणाला, तूच म्हणालीस, वाईट असेल तर सांगू नकोस. मी शब्द पाळला. तुझ्या भीतीपायी मी एकटा हे ओझं वाहिलं, तुला कल्पना आहे का?

क्षणभर मला त्याचीच कीव आली. मला मीच अपराधी वाटले. केसाने गळा कापतात तो असा.

मी म्हटलं, बाळाला काही होत नाही त्या तपासणीने, डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं होतं. वन्सं दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, मलाही दाखवलं होतं चित्र. आधी मूल हातात येऊ दे. मग तुझं काय करायचं ते करू.

तुझं काय करायचं ते.

२२ नोव्हेंबर

हा सकाळी चहा घेऊन आला, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, काल तुला फार लागट बोललो का? काल काय झालं ते तुला नीट आठवतंय ना? दुकानात सिस्टर भेटली असं तू म्हणतेस. वन्संनी चौकशी केली, दुकानदार म्हणतो तू एकटीच पायरीवर बसली होतीस.

साबणाचं पुडकं शोधलं. न्हाणीघरात साबण आहे. पुडकं नाही.

पण मी मुद्रितशोधक आहे. आकडे मला पाठ होतात.

२३ नोव्हेंबर

ह्याचा फोन मागितला. दुरुस्तीला दिलाय म्हणे. उद्या सकाळी वन्सं दळण टाकायला जातात तेव्हा निघायचं. चालत दवाखाना, हा म्हणायचा तेवढा लांब नाही. ठरलं.

२४ नोव्हेंबर

वन्सं दळण टाकायला गेल्या नाहीत. माझ्या चपला जागेवर नाहीत. शिवायला दिल्या, म्हणाल्या. सगळ्या. एकदम.

ही वही वाचतात. किती दिवसांपासून —

यापुढे वहीत नाही. मुद्रितांच्या मागे लिहीन. वहीत लिहिलं: आज बरं वाटतंय.

२५

जिन्याच्या खिडकीतून शेजारच्या शिक्षिकेला हाक मारली. तिने तिचा फोन वर दिला, काही विचारलं नाही. आधी सिस्टर. तिने ओळखलं. उद्या ड्यूटी संपली की गाडी घेऊन स्वतः येते म्हणाली, डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवते. म्हणजे ती आहे. म्हणजे पायरीवर ती होती.

मग आई. आईचा आवाज ऐकला आणि सगळा धीर सुटला. अहवाल, वन्सं, चपला, उद्या सिस्टर येणार, सगळं सांगून टाकलं. आई मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, रडू नकोस बाळा, मी येते.

आई येतेय. आई आली की —

२६

रक्त जास्त आहे. बाळ हलतंय. हलतंय, हे दिसतंयच्या रकान्यात.

दुपार

गाडी. सिस्टर नाही. आई आहे. मी वळणावर उभी होते, खाली धावणार होते —

आई वन्संना म्हणाली, इतके दिवस निभावलंत तसे अजून थोडे. त्या सिस्टरला मी दवाखान्यात फोन केला, मुलीला घेऊन चाललेय म्हणून सांगितलं. ती नाही यायची आता.

आईला पहिल्यापासून माहीत होतं. आईला. हा सप्टेंबरातच बोलला होता तिच्याशी, तीच खाली म्हणाली. कुंपणानेच शेत —

वर आले. कडी लावली.

अजून दुपार

आई दाराशी आहे. म्हणते, मी तुझी आई आहे, तुझं वाईट करीन का? म्हणते, लहानपणापासून तुझं असंच, नसलेली दुखणी. म्हणते, नातवाचं तोंड बघू दे आम्हाला. मी विचारलं, आणि माझं? तिने दार ढकलून बघितलं.

वन्संचं मशीन चालू नाही. सगळे वर आहेत.

खोलीच्या खिडकीतून शिक्षिकेला हाका मारल्या. तिचं दार बंद आहे. पडदा हलला. तिच्याशीही कोणीतरी बोललेलं आहे, प्रेमाने, माझ्या काळजीने.

पाठ धरली आहे. ही कळ आहे का? वाटतंय की दिसतंय? कोणाला विचारू —

आता कोणी बोलत नाही. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत. हा स्क्रू काढतोय. एकेक. अगदी सावकाश, आवाज न करता, मला दचकायला होऊ नये म्ह