प्रॉम्प्टरला बाहेर काढलं त्याची हकिगत

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (वय वर्षे एकाहत्तर) साष्टांग नमस्कार. आठही अंगं कागदावरच टेकवली आहेत, कारण डावा गुडघा परवानगी देत नाही. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे भावजींकडून कळलं. डोळ्यांना ताण देऊ नकोस. हे पत्र त्यांच्याकडून वाचून घे, फक्त जिथे मी संतापलो आहे तिथे त्यांना आवाज चढवायला सांग. म्हणजे जवळजवळ सगळीकडेच.

ताई, रविवारी मला थिएटरातून बाहेर काढलं. मला! ज्या जागेत मी बेचाळीस वर्षं काढली तिथून, दोन गणवेशवाल्यांनी, बखोट धरून. (धरलं अदबीने, हे कबूल. पण अदबीने धरलं म्हणून बखोटाचा काही हात होत नाही.)

तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तिथे लाकडी रंगमंच होता, खुर्च्यांत ढेकूण होते आणि नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जायचा. मी विंगेत वही घेऊन बसायचो आणि अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचो. (प्रेक्षकांना ऐकू न जाता नटाला ऐकू जाणं ही विद्या आहे, नट बहिरा असेल तर तपश्चर्या.) मग सिनेमा आला. मालकांनी रंगमंचाच्या तोंडावर पांढरा पडदा ठोकला, माझ्या विंगेत रिळांचे डबे रचले आणि माझ्या हातात वहीऐवजी बॅटरी दिली. बॅटरी तर बॅटरी. अंधारात लोकांना जागेवर बसवायचं, नाचाला शिट्ट्या मारणाऱ्यांना आवरायचं, रीळ तुटलं की शिव्या आपण खायच्या. तेही दिवस बरे होते. एका वेळी नऊशे माणसं हसायची. पुढे घरोघरी टीव्ही आला आणि नऊशेची नव्वद झाली, नव्वदांची नऊ, आणि त्या नवांतले चार जण पंख्याखाली झोपायला यायचे. शेवटी इमारत पाडली. आता तिथे काचेचा मॉल आहे आणि चौथ्या मजल्यावर सात थिएटरं, एकेकात साठ खुर्च्या. आपल्या थिएटरच्या पोटी सात पोरं झाली आणि सगळीच खुजी निघाली.

तर त्यातल्या चार नंबरमध्ये रविवारी सकाळी दहाला, सिनेमे सुरू व्हायच्या आधी, काही हौशी मंडळींनी आपल्याकडे पूर्वी गाजलेलं एक कौटुंबिक नाटक लावलं. कडक बाप, वाया गेलेला मुलगा. बाप झाला होता माझा दातांचा डॉक्टर, मुलगा पोस्टातला कारकून. दिग्दर्शकाला (एरवी विमा विकतो) मी आपण होऊन सांगितलं, विंगेत मी बसतो. तर म्हणतो, "काका, आता प्रॉम्प्टर लागत नाही. नटाच्या कानात यंत्र असतं." कानात यंत्र! आणि वाक्यं कोण देणार, तर त्याची बायको, तिकिटांच्या खोलीत बसून, मोबाइलवर वाचून. मला तिसऱ्या रांगेचा फुकट पास दिला. तिथल्या खुर्चीचं बटण चुकून दाबलं गेलं, पाठ मागे गेली, पाय वर आले, आणि अख्खा पहिला अंक मी न्हाव्याकडे दाढीला बसल्यासारखा पाहिला.

दुसऱ्या अंकात मुलगा दारात येतो आणि बाप त्याला हाकलतो. मुलगा आला. बाप गप्प. डॉक्टरांनी कान दाबला, कान हलवला (दात असता तर उपटला असता), पण यंत्र मेलेलं. कारकून बापाकडे बघतोय, बाप छताकडे. ताई, अडलेला नट बघताना काय होतं ते विंगेत आयुष्य काढलेल्यालाच कळतं. उठता येईना, तेव्हा आडव्यानेच वाक्य दिलं. आवाज जरा मोठा निघाला असेल. डॉक्टरांनी ते झेललं, जसंच्या तसं म्हटलं. मागे कुणीतरी हुंदका दिला, मग टाळ्या. आणि दिग्दर्शकाने काय करावं? आभार? त्याने गणवेशवाले बोलावले! ज्याने नाटक सावरलं त्यालाच बाहेर! आमच्या वेळी (इथे भावजींनी सगळ्यात मोठा आवाज काढावा) विसरणाऱ्याला बाहेर काढत, सांगणाऱ्याला नव्हे. त्या काचेच्या डब्यात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.

तुझा अपमानित भाऊ

ता. क. काल दिग्दर्शक घरी आला होता. पुढच्या रविवारी दुसरा प्रयोग आहे, मी आग विझवायच्या नळकांड्याशेजारी स्टुलावर बसावं म्हणतो. मी साफ नकार दिला. स्टुलावर उशी असेल तर बघू, असं बजावलं. उशी मिळणार आहे.

दुसरा ता. क. एक सांगायचं राहिलं. बापाने तिथे "चालता हो" म्हणायचं होतं. मी दिलं, "आलास? बस. आधी जेवून घे." त्यामुळे तिसऱ्या अंकाला काही कामच उरलं नाही. कारकुनाकडे पुढचं वाक्य नव्हतं, तो नुसता रडत उभा राहिला, आणि दोन तासांचं नाटक पन्नास मिनिटांत संपलं. पण लोकांना आता तसंच हवं आहे.

तिसरा ता. क. ते वाक्य दुसऱ्या कुठल्या नाटकातलं असेल म्हणून दोन दिवस जुन्या वह्या उलटल्या. कुठेच नाही. आज दाढी करताना आठवलं. मी शाळा सोडून नाटक कंपनीबरोबर पळालो आणि आठ महिन्यांनी परत आलो, तेव्हा बाबा दारात हेच म्हणाले होते. तू त्यांच्या मागे उभी होतीस. त्यावर मी काय म्हणालो ते काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असेल तर गुरुवारच्या आत कळव. कारकुनाला पाठ करायला दोन दिवस लागतात.